पांढऱ्याखाली हिरवाच : टी-३४ वरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार निपाणीकर,

दुसऱ्या महायुद्धातल्या टी-३४ रणगाड्याच्या माझ्या १:३५ प्रमाणातल्या मॉडेलवर इतकं बारकाईनं लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बर्फात लपायला दिलेला पांढरा रंग ठिगळाठिगळांचा झालाय, ब्रशचे फराटे दिसतात, आणि रंग उडालाय तिथं पोलाद चमकायला हवं होतं. शिवाय ‘बेळगावात राहून रशियन रणगाडा कशाला?’ हेही आहेच.

पहिल्या तिन्ही आक्षेपांपुरता मी माझ्या रणगाड्याच्याच बाजूनं आहे. तुम्ही त्या पांढऱ्याला ऑइलपेंट समजून बघताय. तो बहुतेकदा चुना किंवा खडूची भुकटी पाण्यात कालवून, चिकटायला त्यात काहीतरी घालून फासलेला असायचा. तोही हिवाळ्यापुरता. बर्फ वितळलं की घासून धुवायचा, कारण चिखलात पांढरा रणगाडा लांबूनच नजरेत भरतो. कारखान्यातला हिरवा रंग खाली शाबूत असे. म्हणून चुना गेला की हिरवं दिसतं. पोलाद दिसायला तो हिरवाही खरवडला जावा लागतो, आणि ते होतं कडांवर, झाकणांच्या बिजागऱ्यांपाशी, अशा मोजक्या जागी.

कॅम्पातून जाताना झाडांच्या बुंध्यांचा आणि रस्त्याकडेच्या दगडांचा चुना-गेरू पावसाळ्यानंतर एकदा नीट बघा. पापुद्रे सुटत नाहीत. चुना विरळ होत जातो, ओघळ उतरतात, खाचाखोचांत तेवढा टिकतो. दगड निदान चुना शोषून तरी घेतो. पोलाद तेही करत नाही, त्यामुळे तिथं तो आणखी लवकर जातो.

कुठून जातो, हे मात्र अंदाजानं ठरवायचं नाही. टी-३४ च्या पाठीवर पायदळाचे जवान बसून जात. म्हणून माझ्या मॉडेलवर इंजिनवरचा भाग, बुरुजाच्या बाजू आणि धरायच्या दांड्या जवळजवळ हिरव्या आहेत. चालकाचं झाकण पुढच्या उतरत्या पत्र्यातच असतं, तिथं बुटांनी पुसलं जाणारच. मागच्या दोन एक्झॉस्टभोवती काजळी. आणि चाकांच्या मागं ब्रश घालायला युद्धात कुणाला वेळ असतो? तिथं चुना मी मुद्दामच लावलेला नाही.

आता मापाचं. चार इंची ब्रशचा फराटा १:३५ मध्ये तीन मिलिमीटरपेक्षाही कमी भरतो. माझा एकही फराटा त्याहून रुंद नाही, फोटो मोठा करून बघा. उलट तुम्ही सुचवलेले दोन मिलिमीटरचे चंदेरी ओरखडे म्हणजे खऱ्या रणगाड्यावर सात सेंटिमीटर रुंदीच्या जखमा. तेवढं खरवडायला तोफगोळाच घासून जायला हवा!

झिजलेला चुना दाखवायची पद्धत विचारलीत ती अशी. हिरवा रंग, त्यावर क्लिअर कोट (पारदर्शक थर), तो पूर्ण वाळला की साधा हेअरस्प्रे, मग अ‍ॅक्रिलिक पांढरा. हा पांढरा लॅकर थिनरनं पातळ करायचा नाही, तो खाली पकड घेतो आणि मग निघता निघत नाही. कोमट पाण्यानं ओलं करून आखूड केसांच्या ब्रशनं हळूहळू घासायचं. फार दिवस ठेवलंत तरी निघायला त्रास होतो. निव्वळ पांढरा एवढ्या लहान मॉडेलवर डोळ्यांत खुपतो, त्यात थेंबभर करडा मिसळा. बर्फासाठी खाण्याचा सोडा बऱ्याच जणांना आवडतो, मला नाही. काही काळानं पिवळा पडतो.

रशियनच का? टी-३४ आणि चुना ही जोडी मला आवडते, एवढंच. भारतीय रणगाडा बर्फात हवा असेल तर तोही होईल. १ नोव्हेंबर १९४८ ला ७व्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे सुमारे साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजीला खिंडीत घुसले होते, आणि त्या मोहिमेमागं आपल्या कर्नाटकातल्या कोडगूचे जनरल थिमय्या होते. स्टुअर्टचा किट मिळाला की पुढचं काम तेच. त्याला चुना मात्र फासणार नाही. बर्फ आलं की रणगाडा पांढरा, असं काही नसतं.

आणि तुमच्या जर्मन पॅन्झर-४ रणगाड्याच्या मॉडेलबद्दल. दृश्य १९४१ च्या मॉस्कोचं आणि पांढऱ्याखाली पिवळा रंग, असं लिहिलंय तुम्ही. जर्मनांचा तो गडद पिवळा मूळ रंग म्हणून आला फेब्रुवारी १९४३ मध्ये. तोवर रशियातल्या त्यांच्या रणगाड्यांचा रंग गडद करडा. हेअरस्प्रे अजून मारला नसेल तर आधी तेवढं बदलून घ्या.