फोटोत नवरा कुठे आहे?

सकाळी चहाचा कप हातात घेऊन फॅमिली ग्रुप उघडला आणि डोकंच फिरलं. काल रात्री मी क्रूझचे फोटो टाकले होते. बार्सिलोना, मार्सेलिस, रोम, नेपल्स, माल्टा, सगळे नीट लावून. त्यावर आमच्या एका मावससासूबाईंचा मेसेज : "पॉम्पेईच्या सगळ्या फोटोंत तू एकटीच दिसतेस. आमचा मुलगा कुठे आहे? भांडलात की काय तिकडे जाऊन?" खाली हसणारे चेहरे. मग एक दीर, "वहिनी, दादाला बोटीवरच विसरलात का?" मग आणखी दोघी-तिघी. यावर कडी म्हणजे एकाने थेट नवऱ्याला फोन केला. "अरे, सगळं ठीक आहे ना तुमचं?"

ठीक आहे. उत्तम आहे. सकाळी माझ्या फोननेच बिघडवलं तेवढं सोडलं तर.

तिकडे ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर तोंडातून भलतंच काही निघालं असतं, म्हणून इथे लिहितेय. तुम्ही माझे मित्रमैत्रिणी, तुम्हाला कळेल.

नेपल्सला सकाळी बोट लागली. पॉम्पेई, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते रोमन शहर, इथूनच जवळ. नेपल्सचं बरं आहे, बंदर अगदी शहराच्या पोटात. उतरलं की समोर तो जुना काळपट किल्ला आणि चार पावलांवर मेट्रोचं स्टेशन. हे स्टेशन खोदताना रोमन काळातली जहाजं सापडली होती, असलं ते गाव. नाश्ता करताना मी विचारलं, "येतोयस ना पॉम्पेईला?" तो म्हणाला, "नाही. तू जा. मी वर डेकवर बसतो, पुस्तक वाचतो." मी म्हटलं, "बरं." संपलं. एवढंच झालं.

आता गंमत बघा. त्याचा गुडघा दुखत होता असं मी ग्रुपवर लिहिलं असतं ना, तर सगळे लगेच मऊ झाले असते. 'काळजी घे गं त्याची', 'तरी सांगत होते तेल लाव.' आणि लगेच पुढचा प्रश्न आला असता, की मग तू त्याला तसा टाकून गेलीस कशी. पण गुडघा ठणठणीत होता. आदल्या दिवशी रोमच्या त्या ओबडधोबड दगडी रस्त्यांवर तो माझ्यापेक्षा जास्त चालला होता. त्याला पडक्या भिंती बघायचा कंटाळा आहे, लग्न झालं तेव्हापासून आहे, आणि मला त्याच भिंतींचं वेड आहे. आजारी नसलेल्या नवऱ्याला ठेवून धडधाकट बायको एकटी फिरायला जाते, हे पचत नाही ना, तिथे सगळं अडतं.

आणि आता मार्सेलिस. हे मुद्दाम सांगतेच.

मार्सेलिसला बोट लागते ती शहराबाहेर उत्तरेला, जुन्या बंदरापासून लांब. नवरा सकाळी आठलाच तयार होऊन बसला होता. त्याला सावरकरांनी उडी मारली तो किनारा बघायचा होता. ८ जुलै १९१०, मोरिया बोट, शौचकूपाच्या खिडकीतून समुद्रात उडी, पोहून धक्क्यावर, आणि तिथल्या फ्रेंच शिपायाने परत इंग्रजांच्याच हवाली केलं. पुढे हेगच्या लवादापर्यंत प्रकरण गेलं आणि १९११ मध्ये निकाल इंग्लंडच्या बाजूने लागला. हे सगळं त्याला पाठ आहे, आदल्या रात्री जेवताना मला परत एकदा ऐकवलं. मला ऐकायला आवडतं, पण मला त्या दिवशी केस धुऊन झोपायचं होतं. मी झोपले. तो एकटा गेला. परत आला तो समुद्राचे भरपूर फोटो घेऊन, त्यातल्या एकात स्वतः, कठड्याला टेकून, छाती फुगवून. तोही फोटो कालच्याच अल्बममध्ये आहे. त्याखाली काय काय आलंय माहितीय? 'अभिमान वाटतो.' 'नतमस्तक.' 'दादा, ग्रेट!' त्याच मावससासूबाईंनी हात जोडले आहेत.

एकानेही विचारलेलं नाही की फोटोत बायको कुठे आहे. भांडलात की काय.

मी दोनदा वर-खाली करून बघितलं. एकानेही नाही.

थांबा, पाणी पिऊन येते.

हां. तर भांडणाचंच विचारायचं असेल तर तेही सांगते, कशाला लपवू. भांडण झालं. रोमला झालं. कोलोसियमसमोरचा आमचा जोडीचा फोटो आहे ना, मी त्याच्या खांद्याला टेकलेय तो, ज्याला सगळ्यात जास्त लाइक आलेत, 'मेड फॉर ईच अदर' वगैरे, तो फोटो काढायच्या आधी तासभर आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. रोमची बोट रोमला लागतच नाही, ती लागते चिव्हितावेक्कियाला, ७०-८० किलोमीटरवर. येताना-जाताना गाडीचा तास-सव्वा तास धरला, स्टेशनवरून बोटीपर्यंतचा वेळ धरला, की रोमसाठी हातात राहतं काय? त्यात मला आणखी एक चर्च बघायचं होतं आणि त्याला दुपारची दोनची गाडी पकडून परत फिरायचं होतं. बोट सुटेल, बोट सुटेल, हेच दिवसभर. दोघांनी एकत्र फिरायचा हट्ट धरला की हे असं होतं. मला चर्च मिळालं नाही, त्याला गाडी मिळाली नाही, आणि मधल्या वेळात एका अनोळखी बाईने आमचा फोटो काढून दिला. त्यात आम्ही सुंदर दिसतो, हे खरं आहे.

नेपल्सच्या दिवशी मात्र एक शब्द वाकडा नाही.

मी पॉम्पेईला जाणाऱ्या त्या सर्कमव्हेसुव्हियाना नावाच्या लोकल गाडीत बसले. जुनाट डबे, बाहेरून रंगरंगोटी केलेले, आत घाम. पाकीटमार असतात, हो, मान्य, मी पर्स पोटाशी धरून बसले होते. पण शेजारच्या म्हातारीने खुणेनेच मला खिडकीकडे सरकायला सांगितलं आणि पूर्ण वेळ तो डोंगर दाखवत राहिली, जणू तिच्या माहेरचाच. दुहेरी वशिंडाचा व्हेसुव्हियस, तोच तो ज्वालामुखी. गाडी त्याच्या पायथ्यापायथ्याने जाते. आणि गंमत म्हणजे तोच डोंगर आमच्या बोटीच्या डेकवरूनही समोर दिसतो. म्हणजे दिवसभर मी त्याच्या पायाशी आणि नवरा त्याच्याकडे तोंड करून बसलेला. दुपारी त्याने फोटो पाठवला : पुस्तक, लिंबू सरबत, मागे व्हेसुव्हियस. मी त्याला पॉम्पेईच्या रस्त्यातल्या उंच दगडांचा फोटो पाठवला, ज्यांवरून लोक पाय न भिजवता रस्ता ओलांडायचे, आणि मधल्या फटींतून गाड्यांची चाकं जायची. दगडात चाकोऱ्या पडल्यात, अजून आहेत. तो म्हणाला, हे भारी आहे. मी म्हटलं, पुस्तक कसंय? म्हणाला, बरंय, खून झालाय.

कुठल्या नवरा-बायकोचं याहून चांगलं बोलणं झालं असेल त्या दिवशी? माझ्याच समोर एक जोडपं होतं, ती त्याला घरामागून घर दाखवत होती, आणि तो सावलीचा तुकडा दिसला की फोन काढून बसत होता. शेवटी ती चिडून रडवेली झाली. पण त्यांचे फोटो जोडीचे असतील. त्यांना कोणी काही विचारणार नाही.

आता पॉम्पेईतल्या माणसांच्या पुतळ्यांचं सांगते, कारण सकाळपासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय. इ.स. ७९ मध्ये राखेखाली जी माणसं गाडली गेली, त्यांची शरीरं कुजून गेली आणि घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. १८६३ मध्ये फिओरेल्ली नावाच्या पुरातत्त्वज्ञाने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायला सुरुवात केली, आणि मेलेली माणसं जशीच्या तशी बाहेर आली. कुणी तोंड झाकलेलं, कुणी कुशीवर. त्यातला एक प्रसिद्ध साचा : हातात सोन्याचं जड कडं आणि मांडीवर मूल. शे-दीडशे नव्हे, तरी कितीतरी वर्षं सगळे म्हणत आले, आई आणि मूल. दुसरीकडे दोघं एकमेकांना बिलगलेली, त्या म्हणे बहिणी किंवा मायलेकी. २०२४ मध्ये हाडांतल्या डीएनएचा अभ्यास छापून आला. कडं घातलेली 'आई' हा पुरुष निघाला, आणि त्याचं त्या मुलाशी रक्ताचं नातंही नव्हतं. बिलगलेल्या दोघींपैकी एक पुरुष.

म्हणजे जवळ दिसले की झाली गोष्ट तयार. आणि लांब दिसले की तीही तयार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मेलेल्या माणसांना लोक सोडत नाहीत, मला काय सोडणार.

हे मी नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, त्या दिवशीसुद्धा एक जण गेला होता आणि एक जण वाचत बसला होता. मला आधी कळेना. मग त्याने प्लिनीचं सांगितलं. थोरला प्लिनी, रोमन आरमाराचा प्रमुख, आखाताच्या पलीकडच्या टोकाला मिसेनमला होता. डोंगरावर तो विचित्र ढग दिसला तसा त्याने जहाज काढायला सांगितलं आणि भाच्याला विचारलं, येतोस का? सतरा वर्षांचा भाचा म्हणाला, नको, मी अभ्यास करतो. मामा गेला, लोकांना वाचवायला बघितलं, आणि तिकडेच किनाऱ्यावर मेला. घरी बसलेल्या भाच्याने पुढे टॅसिटस या इतिहासकाराला दोन पत्रं लिहिली, आणि व्हेसुव्हियसच्या त्या स्फोटाचं डोळ्यांनी पाहिलेलं जे वर्णन आज जगाकडे आहे ते त्याचं. हे सांगून नवरा इतका खूश झाला की सबंध जेवणभर स्वतःला भाचा म्हणवून घेत होता. मी म्हटलं, म्हणजे मी मेलेला मामा का? तर हसतोय.

लिहिता लिहिता माझाही राग जरा उतरलाय बहुतेक. मावससासूबाईंचं वाईट वाटतंय थोडं. त्या चांगल्या आहेत हो. काकांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, त्यांना जिथे नेलं तिथे त्या गेल्या, जिथे थांबवलं तिथे थांबल्या, आणि प्रत्येक फोटोत त्या काकांच्या डाव्या बाजूला उभ्या आहेत. त्यांना खरंच काळजी वाटली असेल.

पण मग ते हसणारे चेहरे कशाला? काळजी वाटली तर मला फोन करायचा. नाही, उतरला नाहीये राग.

आणि आता कुणीतरी येऊन म्हणणारच की मुळात क्रूझ हेच थेर आहे, एवढाली जहाजं गावांचा जीव घेतात. हो, घेतात. व्हेनिसने २०२१ च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना सान मार्को या मुख्य चौकासमोरून जायला बंदी घातली ते बरंच केलं, आणि ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर क्रूझवाल्यांकडून ऐन हंगामात उतरायचे माणशी २० युरो घेतात तेही घ्यावेत. त्यावर वेगळी पोस्ट लिहा, मी लाइक करीन. माझा मुद्दा हा आहे की दोघांचे स्वभाव दोन दिशांना असतील तर यासारखा प्रवास नाही. बॅग एकदाच उघडायची, खोली हलत नाही, आपण हलतो. सकाळी ज्याला उतरायचंय त्याने उतरावं, संध्याकाळी दोघं त्याच टेबलावर. बसच्या टूरमध्ये कोण कुणाला मागे ठेवू शकतं? तिथे एकाला कंटाळा आला की दोघांची सहल वाया. इथे मी संध्याकाळी चारला धुळीने माखून परत आले, दारावर कार्ड टेकवलं, टिंग वाजलं, वर गेले, तर हा माणूस उन्हाने लाल होऊन त्याच खुर्चीत. म्हणाला, "सांग." आणि मी तासभर सांगत होते. तो बरोबर आला असता तर सांगायला काय उरलं असतं मला?

माल्टाला दोघं गेलो. ती वरची बाग, खाली ते अफाट बंदर, बाराची तोफ. दोघांनाही बघायचं होतं म्हणून दोघं गेलो. इतकं ते सोपं आहे.

पुढच्या वेळी पूर्वेकडची बाजू करायची म्हणतोय, ग्रीस आणि तुर्कस्तान. एफेससला, म्हणजे तुर्कस्तानातल्या त्या प्राचीन शहराच्या अवशेषांना, मी नक्की उतरणार. सँटोरिनीच्या केबल कारच्या रांगेत तो उभा राहील असं वाटत नाही. तेव्हाचेही फोटो मी टाकणारच आहे, आत्ताच सांगून ठेवते.

हे लिहीपर्यंत एका मैत्रिणीचा मेसेज आलाय, ती याच मार्गावर जाणार आहे. "मी पण एकटी उतरू का गं नेपल्सला? ह्यांना चालेल असं वाटत नाही." ह्यांचं तू बघ बाई. पॉम्पेईचं मी सांगते. तिकीट आधी ऑनलाइन काढ, दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे, आणि तिकिटावर नाव असतं तेव्हा ओळखपत्र जवळ ठेव. पोर्टा मरिना या दाराने आत शीर, ते स्टेशनच्या अगदी जवळ आहे. आत सावली नाहीच म्हणायची, टोपी घे. चपला नको, बूट घाल. परतीची एक गाडी रद्द होणार असं धरूनच निघ, कारण स्वतःच्या हिमतीवर गेलेल्यांसाठी बोट थांबत नाही. आणि वेळ बोटीच्या घड्याळाप्रमाणे लाव, फोनच्या नव्हे.