मार्चमध्ये पडणारा पट्टा

साखर कारखान्याच्या बॉयलर विभागात एकतीस वर्षे काढून निवृत्त झालेल्या माणसाने उतारवयात कोणता नाद करावा, याविषयी कोल्हापुरात फारसे मतभेद नाहीत. त्याने तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरांना डावपेच सांगावेत, शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघासाठी घसा बसवून घ्यावा, नाहीतर रंकाळ्यावर फेऱ्या मारत गुडघ्यांची चर्चा करावी. मी मात्र अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा चाहता झालो. तेव्हापासून दर मार्चमध्ये माझ्या रक्तदाबाचे आकडे पाहून डॉक्टर चष्मा पुसतात.

याचे कारण आमचे चिरंजीव. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तो मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकण्यासाठी तिकडे गेला आणि विद्यापीठाची माहिती वाचताना मला कळले की, तिथल्या संघांना ‘बॉयलरमेकर्स’ म्हणतात, म्हणजे बॉयलर तयार करणारे. १८९१ साली त्यांच्या फुटबॉल संघाने शेजारच्या एका कॉलेजाला सपाटून चोपले, तेव्हा हरलेल्यांच्या गावातील वर्तमानपत्राने त्यांना हे नाव ठेवले आणि यांनी ते पदवीसारखे मिरवायला घेतले. (त्याच वर्षीच्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकून बास्केटबॉल हा खेळ काढला. माझ्या विरोधातील दोन्ही कारस्थाने एकाच वर्षी शिजली, असे म्हणायला हरकत नाही.) उभा जन्म बॉयलरपुढे काढलेल्या माणसाला याहून स्पष्ट संकेत दैव तरी काय देणार? रंकाळ्यावरच्या मित्रमंडळींना मात्र त्यात काहीच दैवी दिसले नाही. "बॉयलर म्हंजे कोंबडीवाल्यांचा संघ काय रं?" असे एकाने विचारले आणि त्या दिवसापासून आमच्या कट्ट्यावर पर्ड्यूचा उल्लेख ‘बॉयलर कोंबडी’ असाच होतो.

परक्या देशाच्या संघासाठी जीव टाकणे कोल्हापूरला नवे नाही. फुटबॉलचा विश्वचषक आला की इथे अर्जेंटिना आणि ब्राझील अशा जणू दोन पेठाच वसतात आणि चौकाचौकांत खेळाडूंचे दोन-दोन मजली कटआउट उभे राहतात. पण तिथे हरल्यावर रडायला शेजारी कुणीतरी असते. पर्ड्यूचा चाहता म्हणून या शहरात मी एकटा आहे. ज्याच्यामुळे हा नाद लागला, त्या चिरंजीवांनी तर पहिल्याच वर्षी सांगून टाकले, "बाबा, मला मॅचचं काही विचारू नका, माझं सबमिशन आहे." पुढे तो पास झाला, दुसऱ्या राज्यात नोकरीला लागला आणि पर्ड्यू सोडून गेला. मी अजून तिथेच आहे.

या खेळाच्या वेळापत्रकाची रचना एखाद्या साखर कारखान्याच्या संचालकाने केली असावी, असा मला दाट संशय आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडे हंगाम सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे गव्हाणीत मोळी पडते तेव्हा. आणि मार्चमध्ये आपले कारखाने एकेक करून थांबू लागले की तिकडची खरी स्पर्धा लागते. तीत अडुसष्ट संघ असतात आणि एकदा हरला की त्या संघाचा त्या वर्षीचा पट्टा पडला, म्हणजे कारखान्याच्या भाषेत हंगाम संपला. हंगामभर तीस सामने तुम्ही कसे खेळलात, याला तिथे काडीची किंमत नाही. खासबागेत निकाली कुस्ती पाहत वाढलेल्या माणसाला हा न्याय समजतो. समजत नाही ते इतकेच की, दर वेळी आमच्याच पाठीला माती का लागावी.

मी सामने पाहतो म्हणजे काय करतो, हेही सांगायला हवे. चित्र दिसत नाही. मोबाइलवर दोन आकडे दिसतात आणि त्यांच्यामध्ये घड्याळ. एकतीस वर्षे प्रेशर गेजच्या काट्याकडे पाहत बसल्यामुळे मला यात वावगे वाटत नाही, किंबहुना आकडा कधी चढेल आणि कधी बसेल याचा अंदाज आपल्याला येतो, असा माझा भ्रम आहे. मात्र गेजचा काटा प्रामाणिक असतो. या खेळात घड्याळात एक मिनिट उरले की पुढची पंधरा मिनिटे ते एकच मिनिट चालते. मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो, पुढचा संघ फ्री थ्रो टाकतो, मग कुणीतरी टाइमआउट घेतो, मग पुन्हा फाउल. आमच्या कारखान्यात एखाद्या फायरमनने शिफ्टचे शेवटचे मिनिट इतके ताणले असते, तर त्याला ओव्हरटाइम द्यावा लागला असता.

पहिल्याच हंगामात, २०२१ च्या डिसेंबरात, आमचा संघ इतिहासात प्रथमच देशाच्या क्रमवारीत पहिला आला. आपल्या पायगुणाने हे घडले, अशी माझी खात्री पटली आणि मी रंकाळ्यावर अर्धा किलो पेढे वाटले. त्याच आठवड्यात रटगर्स विद्यापीठाच्या एका खेळाडूने शेवटच्या क्षणी मैदानाच्या मध्यावरून चेंडू भिरकावला आणि तो थेट टोपलीत गेला, ७०-६८. डब्यात चार पेढे शिल्लक होते, ते मित्रांनी माझ्यासमोर शांतपणे संपवले. पुढे मार्चमध्ये सेंट पीटर्स नावाच्या लहानशा कॉलेजाने तीन गुणांनी आमचा पट्टा पाडला. त्या कॉलेजाच्या संघाला ‘पीकॉक्स’ म्हणजे मोर म्हणतात, हे मी कट्ट्यावर सांगायला नको होते. कोंबडी आणि मोर यांवरचे विनोद आषाढापर्यंत पुरले.

तरीही २०२३ साली मी निर्धास्त होतो. आमच्याकडे झॅक ईडी नावाचा सात फूट चार इंच उंचीचा खेळाडू होता, त्या वर्षी देशातला सर्वोत्तम ठरलेला. आमच्या संघाला त्याच्या विभागात पहिले मानांकन होते आणि समोर सोळावे, म्हणजे तळाचे, मानांकन असलेले फेअरली डिकिन्सन विद्यापीठ, ज्याचा संघ पहिल्या श्रेणीतल्या साडेतीनशेहून अधिक संघांत सरासरी उंचीने सर्वांत बुटका होता. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवल्याची घटना तोवर एकदाच, २०१८ मध्ये, घडली होती. १८ मार्चला पहाटे सव्वाचारचा गजर लावून मी उठलो, आणि त्या बुटक्या पोरांनी आमच्या ताडमाड गड्याभोवती मुंग्यांसारखी रांग लावून ६३-५८ असा निकाल लावला. आमच्या संघाने दुरून सव्वीस वेळा नेम धरला आणि पाच वेळा लागला. मी स्वेटर चढवून गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. समोर धार काढून दिलेला म्हशीच्या दुधाचा फेसाळ पेला हातात घेऊन मी बराच वेळ नुसताच उभा राहिलो, तेव्हा गवळ्याने हळू आवाजात विचारले, "घरात कोण गेलं काय वं?" मी "लांबचं" म्हणालो. त्याने पैसे घेतले नाहीत.

पुढच्या वर्षी मी या संघाचे नाव काढणार नव्हतो. पण त्याच ईडीने टेनेसीविरुद्ध एकट्याने चाळीस गुण केले आणि १९८० नंतर प्रथमच संघ शेवटच्या चारांत गेला. मग अंतिम फेरीत. अंतिम सामना तिकडे ८ एप्रिल २०२४ च्या रात्री, म्हणजे आपल्याकडे ९ एप्रिलच्या सकाळी सातच्या सुमारास, आणि तो दिवस गुढीपाडव्याचा. साडेतीन मुहूर्तांपैकी एका मुहूर्तावर कोणता बॉयलर फुटेल? मी सौभाग्यवतींना एवढेच सुचवले की, यंदा गुढी मध्यंतरात उभारावी. त्यांनी मध्यंतर म्हणजे काय, असे विचारले नाही, नुसते पाहिले. परिणामी डाव्या हातात वेळूची काठी आणि उजव्या हातात मोबाइल, अशा अवस्थेत मी गच्चीवर उभा होतो. मध्यंतराला समोरचे कनेक्टिकट विद्यापीठ ३६, आम्ही ३०. सहा गुण म्हणजे काहीच नाही, असे म्हणत मी साखरेची गाठी बांधली. गाठ पक्की होईतो फरक दहाच्या पुढे गेला. शेवटी ७५-६०. त्यातले सदतीस गुण एकट्या ईडीचे, बाकी अख्ख्या संघाचे तेवीस, आणि तीन गुणांचा बास्केट सामनाभर मिळून एक. एका बॉयलरवर सगळा कारखाना ओढायला गेले की असेच होते, हे मी आमच्या चीफ इंजिनिअरना १९९६ पासून सांगत आलो होतो. खाली आल्यावर सौभाग्यवतींनी हातावर कडुलिंबाची गोळी ठेवली. दरवर्षी ती गिळताना मी घर डोक्यावर घेतो. त्या दिवशी चावून चावून खाल्ली. "तुम्हाला बरं नाही का?" असे त्यांनी खरोखरच्या काळजीने विचारले.

२०२५ ची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच हुकली. पाडव्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे भर अमावास्येला, ह्यूस्टनविरुद्धचा सामना पाहू नये, असे घरातून बजावले गेले होते. ६०-६० अशी बरोबरी होती. मी डोळे मिटून अंबाबाईचे नाव घेतले, उघडले तेव्हा ६२-६० झाले होते आणि घड्याळात ०.९ सेकंद उरला होता. नवस पुरा बोलायलाही तेवढा वेळ पुरत नाही.

त्याच वर्षी दसरा झाला, जिल्ह्यातल्या कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन सुरू झाले आणि मोबाइलवर बातमी आली की, नव्या हंगामाच्या आधीच्या क्रमवारीत पर्ड्यूला देशात पहिला क्रमांक मिळाला. हंगाम सुरू होण्याआधीच पहिला, असे या संघाच्या बाबतीत कधी झाले नव्हते. बातमी वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. मी ती कुणालाही सांगितली नाही. मोबाइल उपडा ठेवून दोन दिवस रंकाळ्यावर फक्त गुडघ्यांविषयी बोललो. तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर पोचलो, तर मंडळी आधीच येऊन बसली होती आणि मधोमध अर्ध्या किलोचा रिकामा डबा झाकण उघडून ठेवला होता.