चंद्रावरच्या ‘समुद्रां’बद्दल खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘चंद्रावर पाण्याचे समुद्र आहेत, त्यांना नावंही आहेत, आणि आपलं चांद्रयान-3 त्यातल्याच एकाच्या काठावर उतरलं.’

नावं खरी आहेत. पाणी आणि काठ, दोन्ही नाहीत.

इटलीतले जेझुइट धर्मगुरू रिचोली यांनी 1651 मध्ये ग्रिमाल्दींनी काढलेला चंद्राचा नकाशा छापला. त्यात गडद डागांना मारे ट्रँक्विलिटाटिस (शांततेचा समुद्र), मारे इम्ब्रियम (पावसाचा समुद्र) अशी लॅटिन नावं दिली. तीच आजही चालतात. प्रत्यक्षात ती लाव्ह्याची मैदानं आहेत : प्रचंड आघातांनी पडलेल्या खळग्यांत बहुतांशी 3 अब्ज वर्षांपूर्वीच लाव्हा भरला आणि थिजला. 1969 मध्ये अपोलो 11 याच शांततेच्या समुद्रात उतरलं, तेही कोरड्या जमिनीवर. तिथून आणलेल्या दगडांत बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला दगड, निघाला. आपल्या निपाणी-चिकोडीकडचा काळा दगड त्याच जातीचा, फक्त वयानं फार लहान.

चांद्रयान-3 तर 23 ऑगस्ट 2023 रोजी सुमारे 69 अंश दक्षिणेला, उंचवट्याच्या प्रदेशात उतरलं. चांद्रयान-1 ला पाण्याचे अंश सापडले होते हे खरं; गोंधळ बहुधा तिथूनच झाला. पण ते अंश म्हणजे समुद्र नव्हे.

पौर्णिमेला चंद्र उगवताना वरच्या कडेजवळचा अंडाकृती डाग दुर्बिणीतून बघा. तो मारे क्रिसियम.

हा मेसेज शाळांच्या ग्रुपवरही पोचलाय. कृपया पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर तिथंच हा खुलासा टाका.