स्कॅन ‘क्लिअर’ आला तरी खड्डा घ्यायचाच

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की ड्रिलिंगआधी जीपीआर, म्हणजे जमिनीखालचं दाखवणाऱ्या रडारचा स्कॅन, करून घेतलं, रिपोर्टात ‘क्लिअर’ आलं, तरी मशीनने घरगुती गॅसची ३२ मिमीची एमडीपीई (प्लास्टिकची) लाइन फोडलीच. तेव्हा हा पैसे उकळायचा धंदा आहे, त्यापेक्षा जुन्या लाइनमनला विचारलेलं बरं. तुमचा राग रास्त आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

तुम्हीच लिहिलंय की जागा काळ्या मातीची होती आणि पाऊस नुकता संपला होता. ओल्या चिकणमातीत रडारच्या लहरी फार लवकर विरतात. त्यात पाइप बारीक. व्यास खोलीच्या निदान एक दशांश हवा, हा या कामातला ढोबळ नियम; म्हणजे तुमची लाइन तीसेक सेंटीमीटरच्या खाली गेली की चांगल्या मातीतही भरवसा नाही. पाइप प्लास्टिकचा, त्यामुळे सोबत ट्रेसर वायर (पाइपालगत टाकलेली धातूची तार) नसेल तर धातूच्या लाइन शोधणारा केबल लोकेटरही निरुपयोगी. अशा जागी ‘क्लिअर’ हा शब्द लिहायलाच नको होता. ‘इतक्या खोलीपलीकडे दिसलेलं नाही’ असं स्वच्छ लिहायचं असतं.

खोलीचा आकडा तर याहून घातक. यंत्र खोली मोजत नाही, लहर जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजतं. समजा २० नॅनोसेकंद लागले. मातीचा डायइलेक्ट्रिक, म्हणजे माती लहरीला किती मंदावते ते सांगणारा आकडा, ९ धरला तर पाइप १ मीटरवर दिसतो. माती ओली असून तो खरा २५ असेल, तर पाइप ६० सेंटीमीटरवरच असतो. मीटरभर खाली आहे म्हणून जेसीबीवाला पहिला पाऊण मीटर बिनधास्त खोदतो! म्हणून शेजारच्या चेंबरचं झाकण उघडून, दिसणाऱ्या पाइपाची खोली टेपने मोजून स्क्रीनवरची खोली तिच्याशी जुळवून घ्यावी. दहा मिनिटांचं काम आहे.

लाइनमनला जरूर विचारा, पण पाणीपुरवठ्याच्या माणसाला मागच्या वर्षी पडलेल्या फायबरची खबर नसते. त्यासाठी केंद्र सरकारचं २०२३ मध्ये आलेलं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आहे, तिथेही नोंद करा.

जमिनीखालच्या लाइन शोधण्यासाठीच्या ब्रिटनच्या पास १२८ मानकातही सर्वांत वरचा ‘ए’ दर्जा रडारने सापडलेल्या लाइनला मिळत नाही, उघडी करून डोळ्यांनी पाहिलेल्या लाइनलाच मिळतो. पुढच्या वर्क ऑर्डरमध्ये दोन कलमं घालून घ्या: रडारला न दिसलेला पट्टा नकाशावर वेगळ्या रंगात दाखवायचा, आणि ड्रिलच्या मार्गात येणाऱ्या प्रत्येक लाइनवर हाताने ट्रायल पिट, म्हणजे लाइन उघडी करून पाहायचा खड्डा, घ्यायचा. गॅसची लाइन असेल तर कंपनीचा माणूस जागेवर उभा असल्याशिवाय मशीन सुरू करू देऊ नका.