जाणकारसाहेब, आधी त्या ‘दिशाभूल’चं बोलू

‘स्कोप लावलेली बोल्ट ॲक्शन घेऊन कुठल्या मॅचला जावं?’ या माझ्या लेखाखाली (बोल्ट ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खिट्टी ओढायची रायफल, स्कोप म्हणजे तिच्यावरची नेमाची दुर्बीण) ‘एक जाणकार’ अशी सही करून एका वाचकांनी ऐसपैस प्रतिक्रिया दिली आहे. तिचा गाभा हा: ‘घरातली शिकारीची रायफल उचला आणि मॅचला जा, हा सल्ला म्हणजे नवख्यांची निव्वळ दिशाभूल. पातळ नळी पाच-सात राउंडांत तापते, ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) पसरतो आणि माणूस हिरमुसून घरी बसतो.’ शिवाय कॅम्प पेरीचा (ओहायोतली प्रसिद्ध नेमबाजीची जागा) उल्लेख नाही, एफ-टीआरची (पालथं पडून लांबवर मारायच्या एफ-क्लासचा एक प्रकार) वजनमर्यादा चुकली, स्वप्नील कुसाळेला स्कोप लागला नाही, आणि शेवटी ‘अमेरिकेत बसून मराठीत बंदुका मिरवणं’ हा घरचा आहेर.

प्रतिक्रिया आहे तशी ठेवली आहे. एक अक्षरही कापलेलं नाही.

वजनाचं आधी उरकतो. एफ-टीआरमध्ये स्कोप आणि बायपॉड (नळीखालचा दोन पायांचा टेकू) धरून रायफल 8.25 किलोपर्यंत चालते. मी ‘आठेक किलो’ लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे. त्या पाव किलोबद्दल मनापासून आभार.

आता ‘निव्वळ दिशाभूल’. अहो, ‘पटलं नाही’ म्हणा, ‘अर्धवट आहे’ म्हणा, ऐकून घेईन. दिशाभूल करणाऱ्याला त्यातून काहीतरी मिळावं लागतं. मी रायफली विकत नाही, ब्लॉगवर जाहिराती नाहीत. सांगलीला कॉलेजात असताना एनसीसीच्या पॉइंट टू-टू (.22) रायफलीवर पालथं पडून हवालदारसाहेबांचं ‘साँस रोक के!’ ऐकलं, तेव्हापासून हा नाद आहे. ओहायोत आल्यावरही घाई केली नाही. एच-वन-बी व्हिसावर असताना बंदूक बाळगायला कायद्याने बंदीच असते (शिकारीचा परवाना काढला तर वाट निघते, पण ती आमच्या घरात मंजूर झाली नाही), म्हणून ग्रीन कार्ड हातात पडल्यावरच पहिली रायफल घेतली. जुनी रेमिंग्टन 700, कॅलिबर .308, वर 3 ते 9 पट मोठं दाखवणारा साधा शिकारी स्कोप. तीच घेऊन पहिल्या मॅचला गेलो. मी नवख्यांना जे सांगतो ते स्वतः करून सांगतो.

ती मॅच सिलुएटची होती, आणि लेखात मी तीच सर्वांत वर ठेवली आहे. मूळचा मेक्सिकन खेळ. लोखंडी पत्र्याची जनावरं: 200 मीटरवर कोंबड्या, 300 वर डुकरं, 385 वर टर्की, 500 वर मेंढे. उभं राहून मारायचं. ना बायपॉड, ना पट्ट्याचा आधार. पाच जनावरं, पाच राउंड, अडीच मिनिटं. गोळी नुसती लागून भागत नाही, जनावर पडलं पाहिजे. शिकारी रायफलीचा वेगळा वर्ग आहे, त्यात स्कोपसकट 9 पौंडांची मर्यादा. म्हणजे तुमची ती जाड नळी तिथे वजनातच बाद होते. माझ्या स्कोपच्या टरेटवर (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायच्या चकत्यांवर) टोपणं होती. प्रत्येक अंतराला टोपण काढून क्वार्टरच्या नाण्याने खाच फिरवायची आणि क्लिक मोजायचे. शेजारच्या आजोबांनी ते पाहिलं, हसले नाहीत, आपली स्पॉटिंग दुर्बीण माझ्याकडे वळवली आणि ‘वरून चालली, डावीकडून’ असं प्रत्येक राउंडला सांगत राहिले. मेंढा एकही पडला नाही. हिरमुसून घरी बसलो का? पुढच्या मॅचलाही तीच रायफल होती, साहेब.

नळी तापते. तापते की! हे मला ठाऊक नसेल असं तुम्हाला का वाटलं? एफ-क्लासमध्ये पालथं पडून एका दमात पंधरा किंवा वीस राउंड मारायचे असतात, शिवाय सुरुवातीचे सायटर्स, म्हणजे नेम जुळवायचे बिनगुणांचे राउंड. पातळ नळीवरून गरम हवेच्या लहरी उठतात आणि स्कोपमध्ये टार्गेट पाण्यात बुडाल्यासारखं हलायला लागतं. म्हणूनच लेखात एफ-क्लास खाली आहे. त्या परिच्छेदापर्यंत आपण पोचला नसाल, लेख लांब आहे. पीआरएसबद्दल (प्रिसिजन रायफल सिरीज, वेगवेगळ्या आडोशांवरून घड्याळ लावून मारायच्या मॅचेस) ‘एकदा जाऊन तर बघा’ असं मी लिहिलं, हे खरं. दीड-दोन मिनिटांत आठ-दहा राउंड, तेही कधी फळीवरून, कधी टायरवरून. मॅगझिनमध्ये चार राउंड बसणारी रायफल तिथे मागे पडणारच. पण जाऊन बघायला काय हरकत आहे? आणि पाकिटाची एवढी काळजी असेल तर एनआरएल 22 ही छोट्या रायफलींची मॅच होतीच की लेखात. पॉइंट टू-टू, फार तर 100 यार्ड. त्यात कुठली नळी तापते?

कॅम्प पेरीचं म्हणाल, तर तिथली स्कोपवाली प्रसिद्ध मॅच व्हिंटेज स्नायपरची. दोघांची टीम, 300 आणि 600 यार्ड, पण रायफल जुन्या लष्करी नमुन्याची हवी. माझा वाचक ती कुठून आणणार? सोडला मुद्दा.

कुसाळेंना यात ओढायचं कारण नव्हतं. कांबळवाडीच्या या पोराने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले. पण आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल स्पर्धांत स्कोप चालतच नाही. तो सगळ्यांनाच बंद आहे. बालेवाडीत असल्या स्पर्धेला माझी रेमिंग्टन घेऊन उभा राहिलो तर मला दारातूनच परत पाठवतील, आणि बरोबरच आहे. म्हणून तर लेख अमेरिकेतल्या मॅचेसवर आहे, आणि इथे राहणाऱ्या मराठी माणसांसाठी मराठीत आहे.

मिरवण्याच्या मुद्द्यावर काही बोलणार नाही. पुन्हा लिहिलंत तर रायफल कोणती, नळी किती जाडीची आणि कुठली मॅच खेळलात तेवढं सांगा. सही बदलली तरी चालेल.