200 माणसांचे बेट आणि त्याचा स्वतःचा कारभार

दोनशे माणसांच्या बेटाला स्वतःची शाळा, स्वतःचे अंदाजपत्रक आणि स्वतःची निवडून आलेली परिषद कशाला हवी, हा प्रश्न नॉर्वेत दर काही वर्षांनी डोके वर काढतो. स्टाव्हांगरला नोकरीनिमित्त राहत असताना हा प्रश्न मी जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांकडून अनेकदा ऐकला, आणि सुरुवातीला मलाही तो रास्त वाटत असे. उत्सिरा बेटावर जाऊन आल्यावर आणि तिथल्या कारभाराचा इतिहास वाचल्यावर माझे मत पूर्ण बदलले. 1925 सालच्या तिथल्या निवडणुकीला आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत, म्हणून ते मत आज सविस्तर मांडतो.

उत्सिरा हे रोगालांद प्रांतातले, हाउगेसुंड शहराच्या पश्चिमेला भर समुद्रात असलेले बेट. बोटीने जायला सव्वा तासाच्या आसपास लागतो. क्षेत्रफळ साधारण 6 चौरस किलोमीटर, आणि लोकसंख्येने हे नॉर्वेतले सर्वांत लहान कोम्यूने आहे. कोम्यूने म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्याचा पायाभूत घटक. गाव असो की शहर, सगळ्यांना हेच नाव आणि हाच कायदा लागू. बेटाला दोन बंदरे आहेत, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला, आणि त्या दिवशी वारा कुठून आहे हे पाहून बोट कुठे लावायची ते ठरते. मी गेलो त्या दिवशी वाऱ्याने दिशा बदलली आणि निघताना सांगितलेले बंदर सोडून बोट दुसऱ्या बाजूला लागली. धक्क्यावर सामान उतरवून घ्यायला आलेली माणसे गाड्या वळवून बेट ओलांडून आमच्या आधी तिथे पोहोचली होती. कुणाच्याही चेहऱ्यावर त्रासल्याची खूण नव्हती. बेटाच्या उंच भागावर 1844 साली बांधलेले दीपगृह आहे. मुळात ते जोडमनोऱ्यांचे, पण आता त्यांतल्या एकातच दिवा लागतो. समुद्रसपाटीपासून 78 मीटर उंचीवरचा हा दिवा नॉर्वेतला सर्वांत उंचावरचा मानला जातो. वर उभे राहिले की सगळे कोम्यूने एका नजरेत मावते: दगडी बांधांनी आखलेली कुरणे, मधल्या सखल भागातली घरे, आणि चारही बाजूंनी पाणी.

या देशातल्या स्थानिक स्वराज्याचा पाया 14 जानेवारी 1837 च्या कायद्यांनी घातला गेला. 1833 च्या निवडणुकीत स्टोर्टिंगमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, शेतकरी मोठ्या संख्येने निवडून आले होते. गावाचा कारभार राजाने नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या मर्जीवर न राहता गावाने निवडलेल्या माणसांकडे यावा, ही त्यांची मागणी होती. अर्थात मतदानाचा हक्क तेव्हा ठरावीक पुरुषांपुरताच होता. या कायद्यानुसार 1838 साली तोर्वास्ताद हे कोम्यूने अस्तित्वात आले आणि उत्सिरा त्याचा एक भाग झाले. तोर्वास्तादचा मुख्य भाग कार्मोय बेटावर, म्हणजे मधला उघडा समुद्र ओलांडल्यावर. बैठकीला जायचे तर आधी हवामान बघायचे, आणि हवामान फिरले तर ठराव आपल्या पाठीमागे मंजूर झालेला असायचा. हेरिंग मासळीच्या हंगामांवर जगणाऱ्या त्या बेटाने वेगळे होणे हे मला भावनेपेक्षा सोयीचे आणि न्यायाचे पाऊल वाटते. 1 जुलै 1924 रोजी उत्सिरा स्वतंत्र कोम्यूने झाले. तेव्हाची वस्ती आजच्या दुपटीहून अधिक होती.

त्याच्या पुढच्याच वर्षी जी निवडणूक झाली, तिच्यामुळे हे चिमुकले बेट नॉर्वेच्या इतिहासात कायमचे जाऊन बसले. 1925 साली बेटावरच्या मतदारांनी परिषदेच्या 12 जागांपैकी 11 जागांवर स्त्रियांना निवडून दिले. उरलेल्या एका जागेवर एकच पुरुष आला. बायकांची नावे मतपत्रिकेवर घालण्याची सुरुवात चेष्टेने झाली, अशी हकिकत सांगितली जाते. ती खरी धरली, तरी मतमोजणी झाल्यावर चेष्टेला कायद्याचे रूप आले होते. ओर्डफ्योरर, म्हणजे आपल्या शब्दांत गावचा सरपंच, म्हणून ओसा हेल्गेसेन यांची निवड झाली. त्या बेटावरच्या सुईण होत्या. 1926 ते 1928 अशी पूर्ण मुदत त्यांनी हे पद सांभाळले आणि नॉर्वेतल्या पहिल्या महिला ओर्डफ्योरर म्हणून त्यांची नोंद झाली.

हा प्रसंग बहुतेक ठिकाणी गमतीदार किस्सा म्हणून दोन ओळींत सांगितला जातो आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. नॉर्वेतल्या स्त्रियांना स्थानिक निवडणुकीत मतदानाचा हक्क 1901 साली मिळाला तोही कराच्या अटीवर. ती अट 1910 साली गेली, आणि संसदेच्या निवडणुकीत सर्व स्त्रियांना मत द्यायला 1913 साल उजाडावे लागले. म्हणजे 1925 च्या मतपत्रिकेपर्यंत हा हक्क पुरता अंगवळणीही पडलेला नव्हता. त्या दशकात नॉर्वेतली अनेक कोम्यूने कर्जाच्या ओझ्याखाली दबली होती, आणि उत्सिराचे कोम्यूने तर नुकतेच जन्मलेले होते. शाळा, गोरगरिबांची मदत, रस्ते, कर, सगळ्यांची घडी मुळापासून बसवायची होती. अशा वेळी अकरा जणींच्या गळ्यात हे काम पडले आणि त्यांनी ते तीन वर्षे निभावून नेले. घरचे काम, गोठा, मुले आणि समुद्रावर गेलेल्या माणसांची काळजी यांतले काहीही त्यांच्यासाठी थांबले नव्हते.

आणि त्यातही सुईण! बेटावरच्या प्रत्येक घराचा उंबरठा जिने रात्री-अपरात्री ओलांडलेला आहे, कोणत्या घरात दूध कमी आहे, कुठे सरपण संपत आले आहे, कुठल्या बाईला विश्रांतीची गरज असूनही ती मिळत नाही, हे जिला कोणी न सांगता कळते, तिच्याइतका योग्य अध्यक्ष गरिबांच्या मदतीचा निर्णय घ्यायला दुसरा कोण सापडला असता? मोठ्या कोम्यूनेत ही माहिती अर्ज, पाहणी आणि अहवाल अशा पायऱ्या चढत वर जाते. लहान ठिकाणी निर्णय घेणाऱ्याला ती डोळ्यांसमोर दिसते. लहान कारभाराच्या बाजूने माझा जो काही युक्तिवाद आहे, त्याचा गाभा मला ओसा हेल्गेसेन यांच्या व्यवसायात सापडतो.

उत्सिरात घडलेले पुढे मोठ्या शहरांतही घडले, पण त्याला 46 वर्षे जावी लागली. 1971 च्या स्थानिक निवडणुकीत ओस्लो, त्रोनहाइम आणि आस्कर या तीन ठिकाणी मतदारांनी यादीतल्या पुरुषांच्या नावांवर काट मारून परिषदेत स्त्रियांचे बहुमत आणले. त्या घटनेला नॉर्वेत ‘स्त्रियांचा उठाव’ म्हणून ओळखतात. तिच्यावर भरपूर लिहिले-बोलले जाते आणि ते योग्यच आहे, मात्र राजधानीच्या आधी जवळजवळ अर्धे शतक एका मच्छीमार बेटाने हे करून दाखवले होते, याची आठवण त्यासोबत क्वचितच निघते.

आता आकड्यांच्या राजकारणाकडे येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर 1946 साली निकोलाय शाय यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. युद्धोत्तर कल्याणकारी राज्याची वाढती कामे लहान कोम्यूनांना पेलणार नाहीत, या विचाराने तिने देशाचा नकाशा नव्याने आखला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस 744 असलेली कोम्यूने त्यानंतरच्या दहाएक वर्षांत 454 वर आली. याच लाटेत 1 जानेवारी 1965 रोजी तोर्वास्ताद आणि शेजारची सहा कोम्यूने मिळून आजचे कार्मोय झाले. म्हणजे ज्या तोर्वास्तादमधून उत्सिरा बाहेर पडले, त्या मातृकोम्यूनेचे अस्तित्व संपले आणि समुद्रापलीकडचे हे लेकरू मात्र टिकले. 2014 नंतर आणखी एकदा विलीनीकरणाची मोहीम आली. 428 कोम्यूनांची संख्या 1 जानेवारी 2020 रोजी 356 झाली. काही ठिकाणी विलीनीकरण लोकांच्या विरोधाला न जुमानता संसदेच्या ठरावाने झाले, आणि ते सगळीकडे पचले नाही. ओलेसुंडमध्ये सामील केलेले हाराम 1 जानेवारी 2024 पासून पुन्हा वेगळे झाले, त्यामुळे संख्या 357 वर गेली. या सगळ्या उलथापालथीत उत्सिरा होते तिथे आहे.

हे टिकणे फुकटचे नाही, हे मान्य करायलाच हवे. नॉर्वेत कोम्यूने लहान म्हणून कायदा त्याला सवलत देत नाही. बालवाडी, दहावीपर्यंतची शाळा, प्राथमिक डॉक्टर, वृद्धांची देखभाल, पाणी, अग्निशमन, जमिनीच्या वापराचे नियोजन, ही सगळी कामे ओस्लोप्रमाणेच उत्सिरालाही बंधनकारक आहेत. 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या कोम्यूनेत परिषदेवर किमान 11 सदस्य असलेच पाहिजेत. दोनशेच्या वस्तीत याचा अर्थ असा, की मुलेबाळे वगळली तर प्रत्येक कुटुंबाच्या ओळखीतले कोणी ना कोणी परिषदेत बसलेले असते. इथेच नात्यागोत्यांचा प्रश्न येतो. कायदा सांगतो, की आपला जोडीदार, आईवडील, मुले किंवा भावंडे ज्या प्रकरणात पक्षकार असतील, त्या प्रकरणी सदस्याने बाजूला व्हावे आणि राखीव सदस्याला बसवावे. मोठ्या शहरात ही तरतूद कधीतरी वापरावी लागते. बेटावर मात्र एखाद्याने बोटींसाठी शेड बांधण्याची परवानगी मागितली, तरी आधी कोणाला उठावे लागेल ते मोजावे लागते. पैशाचे गणितही सरळ आहे. राज्याकडून येणारे अनुदान आणि लहान कोम्यूनांसाठीची जादा मदत नसेल, तर दोनशे माणसांच्या करातून हे सारे चालणार नाही. त्याखेरीज काही सेवा मुख्य भूमीवरच्या कोम्यूनांबरोबर भागीदारीत चालवाव्या लागतात.

सरकारने नेमलेल्या एका समितीने 2023 साली दिलेल्या अहवालात, कायद्याने लादलेल्या सगळ्या जबाबदाऱ्या पुऱ्या करणे सर्वांत लहान कोम्यूनांना सर्वांत जड जाते, असे नोंदवले. हा निष्कर्ष मी खोटा ठरवू इच्छित नाही. तज्ज्ञ कर्मचारी मिळणे, बालसंरक्षणासारखे नाजूक काम ओळखीच्या माणसांत करणे, एक शिक्षक सोडून गेला की शाळेची घडी विस्कटणे, या अडचणी खऱ्या आहेत. माझा आक्षेप त्यापुढच्या पायरीला आहे. अडचण कर्मचाऱ्यांची असेल, तर उपाय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत करावा. त्यासाठी मतदाराकडून परिषद काढून घेण्याचे कारण काय? शेजारच्या मोठ्या कोम्यूनेत उत्सिरा सामील केले, तरी बेटावरची मुले, म्हातारी माणसे आणि बोटीचे वेळापत्रक जागच्या जागी राहणार, त्यांचा खर्चही राहणार. फक्त बेटावरची शाळा चालू ठेवायची की नाही, हे ठरवणाऱ्या सभागृहात बेटाचा आवाज उरलाच, तर एखाद्या सदस्यापुरता उरेल. 1924 च्या आधीची स्थिती नेमकी हीच होती.

या मुद्द्याची निकड आज आणखी वाढली आहे. उत्सिराचा वारा आता देशाला हवा आहे. 2004 साली इथे दोन पवनचक्क्या उभारून, वारा जास्त असताना हायड्रोजन साठवायचा आणि वारा पडल्यावर त्यातून वीज काढायची, असा प्रयोग केला गेला. अशा प्रकारचा तो जगातल्या पहिल्या पूर्ण आकाराच्या प्रयोगांपैकी एक होता आणि 10 घरांना त्यातून वीज मिळत असे. बेटाने त्यासाठी जागा दिली, स्वतःची घरे जोडून दिली. त्यानंतर 2020 साली सरकारने बेटाच्या पश्चिमेचा ‘उत्सिरा नोर’ हा सागरी पट्टा तरंगत्या पवनचक्क्यांसाठी खुला केला. तिथे 1,500 मेगावॉटपर्यंत क्षमता उभारण्याची योजना आहे. नाव बेटाचे, पण नियोजनाच्या बाबतीत कोम्यूनेचा अधिकार किनाऱ्याच्या आधाररेषेपासून एका सागरी मैलापर्यंतच चालतो. त्यापुढचे निर्णय ओस्लोत होतात.

ऊर्जेची गरज मला समजते आणि या प्रकल्पाला माझा विरोध नाही. पण ज्या पाण्यात बेटाचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकत आले, त्याबद्दल मंत्रालयाशी बोलायला आज निदान एक ओर्डफ्योरर, एक परिषद आणि तिचा अधिकृत ठराव तरी आहे. तो ठराव मंत्रालयाला बांधील करत नसेल, पण त्याची नोंद घ्यावी लागते, त्याला उत्तर द्यावे लागते. दीपगृहाजवळ उभा असताना शेजारी एक वयस्क गृहस्थ आले होते. पवनचक्क्या कुठे येणार, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी पश्चिमेकडे हात केला आणि पुढच्या बैठकीत हाच विषय आहे, तेव्हा आपण ऐकायला जाणार आहोत, असे सांगितले. बैठकीची जागा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होती.