लढायला नकार देणाऱ्यांचाही दगड हवा

कोकणातल्या काही गावांत जुनी पाटी दिसते: पहिल्या महायुद्धात इथून इतके गेले, पैकी इतके परतले नाहीत. ती पाटी राहायलाच हवी. पण लढायला नाही म्हणून शिक्षा भोगलेल्यांचा दगडही गावात असावा, असं मला मनापासून वाटतं. पहिला मान पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. विनोबांचा जन्म तिथला. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला त्यांनी युद्धाविरुद्ध जाहीर भाषण केलं, २१ ला अटक, तीन महिने कैद.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक चौकात असा दगड १९९४ पासून उभा आहे. १५ मे हा युद्धनकार देणाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस. आपल्याकडे तेव्हा शाळांना सुट्टी असते, चाकरमानी आंब्यासाठी गावी आलेले असतात. दगडापाशी जमून नावं वाचायला याहून सोयीचा दिवस कुठला?

दगड मात्र जांभ्याचा नको. जोत्याला जांभा उत्तम, पण त्याला भोकं असतात, कोरलेल्या अक्षराची कड टिकत नाही आणि दोन पावसाळ्यांत शेवाळ चढतं. काळा दगड घ्या. नुसती रंगवलेली अक्षरं खाऱ्या वाऱ्यात उडतात, म्हणून निदान पाव इंच खोल कोरा. माथ्याला उतार द्या, पाणी साचता कामा नये.

खरी गडबड यादीत होते. पेशावरला १९३० मध्ये निःशस्त्र जमावावर गोळी झाडायला नकार देणारे चंद्रसिंग गढवाली थोरच, पण तो नकार युद्धाला नव्हता. त्यांचं नाव वेगळं वाचा. विनोबांनाही कुणी बंदूक घ्यायला बोलावलं नव्हतं. त्यांनी युद्धाला मदत करू नका म्हटलं. हा फरक लोकांना सांगायला हवा, नाहीतर सगळ्यांचीच किंमत कमी होते.

नावाबरोबर शिक्षाही वाचा. 'फ्रांझ येगरश्टेटर, ऑस्ट्रियाचा शेतकरी, हिटलरसाठी लढायला नकार, ९ ऑगस्ट १९४३ ला शिरच्छेद.' १९१६ मध्ये फ्रान्सला नेलेल्या पस्तीस ब्रिटिश तरुणांना मृत्युदंड वाचून दाखवला, मग ती शिक्षा बदलून दहा वर्षं सक्तमजुरीची केली. वाचताना त्या दोन वाक्यांच्या मध्ये थांबा. त्या पोरांना पुढचं वाक्य ठाऊक नव्हतं.

भाषणं नकोत. हारही नको, हारात नावं हरवतात. एका नावाला मोगऱ्याचं एक फूल, आणि ते गावातल्या पोरांनी ठेवावं.